आठवी ते बारावीच्या मुलांशी ड्रग्जबद्दल बोलायचं तर नेमकं काय बोलायचं?

बावधनकर | सोमवार, रात्री ९:४०

आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा एक संध्याकाळ 'व्यसनमुक्ती'ला दिली आहे आणि ती माझ्या गळ्यात पडली आहे. कमिटीच्या डोक्यात कार्यक्रम तयारच आहे. पोलीस ठाण्यातून कोणीतरी साहेब बोलवायचे, शाल-श्रीफळ, पाऊण तास भाषण, मग छोट्यांची चित्रकला स्पर्धा. मागच्या रांगेतली मोठी पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसणार हे आत्ताच दिसतंय.

विषयाची गरज आहे, यात वाद नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यावर धाड पडली आणि पुणे, दिल्ली, सांगली मिळून सतराशे किलोच्या वर मेफेड्रोन (एमडी) हे ड्रग सापडलं. मे महिन्यात कल्याणीनगरचा अपघात झाला. जूनमध्ये एफसी रोडवरच्या पबमधला ड्रग्जचा तो व्हिडिओ फिरला. माझी मुलगी नववीत आहे. या तिन्हींबद्दल तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, फक्त ती ते माझ्याशी बोलत नव्हती.

तर तेरा ते सतरा वयाच्या पोरांना काय सांगावं? किती खोलात शिरावं? 'वाईट असतं, करू नका' यापुढे माझी गाडी जात नाही. शिक्षक, डॉक्टर मंडळींनी कृपया लिहावं.

तिरकस | सोमवार, रात्री ९:५८

साहेबांना बोलवाच. कुठल्या भागात काय भावाने मिळतं हे अधिकृत सूत्रांकडून कळलं की मुलांची शोधाशोध वाचेल.

(हलकेच घ्या. पण आमच्या कॉलेजात असंच एक भाषण झालं होतं. पुढचे आठ दिवस सगळे त्यातल्या टोपणनावांवरच विनोद करत होते.)

खडूफळा | सोमवार, रात्री १०:३५

तिरकस यांनी गमतीत लिहिलंय, पण गोष्ट खरी आहे. मी माध्यमिकला जीवशास्त्र शिकवते. घाबरवण्याचा मार्ग जगभर वापरून झाला आहे. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन शिकवायचे. हजारो शाळांत तो चालला, पालक खूश, पोलीस खूश. नंतर संशोधकांनी कार्यक्रम झालेली आणि न झालेली मुलं ताडून पाहिली तेव्हा टिकाऊ फरक जवळजवळ काहीच दिसला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ड्रग्ज आणि गुन्हेविषयक कार्यालयाने (यूएनओडीसी) प्रतिबंधाचे जे आंतरराष्ट्रीय निकष काढले आहेत, त्यांतही एकदाच दिलेलं भाषण, भीतीवर भर आणि बरे झालेल्या व्यसनींची कहाणी यांचा उपयोग होत नाही असंच म्हटलंय.

कारण साधं आहे. सडलेल्या फुप्फुसाचं चित्र आपण दाखवतो आणि मुलाच्या डोळ्यांसमोर त्याचा बारावीतला मावसभाऊ असतो, जो ओढतो आणि फुटबॉलही झकास खेळतो. आपलं एक विधान खोटं ठरलं की बाकीची खरी विधानंही त्याच बादलीत जातात.

मी काय करते ते सांगते. तासाच्या आधी आठवडाभर एक डबा ठेवते, प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाकायचे, नाव नाही. मागच्या वर्षीच्या काही चिठ्ठ्या जशाच्या तशा देते:

'हुक्क्यात धूर पाण्यातून येतो, म्हणजे गाळला जातो ना?'
'गांजा झाड आहे, मग ते नॅचरल नाही का?'
'एकदाच घेतलं तर ॲडिक्ट होतो का? खरं सांगा.'
'बाबा रोज पितात. त्यांना काय होणार?'

शेवटची चिठ्ठी वहीच्या मधल्या पानावर, चार घड्या घालून होती. यावर कुठल्या साहेबांचं भाषण पुरणार? तिचं उत्तर मी वर्गात सगळ्यांसमोर दिलं, दारूचा आजार असतो, त्यावर उपचार असतात, आणि तो आजार मुलांमुळे होत नाही. हे शेवटचं वाक्य दोनदा म्हटलं.

मुळशीकर | सोमवार, रात्री ११:१०

बाईंचा अनुभव दांडगा आहे, तरी माझा आक्षेप नोंदवतो. जे मुलांना ठाऊकच नाही ते आपणच का ठाऊक करून द्यायचं? आमच्या वेळी बिडी-तंबाखूपलीकडे काही माहीत नव्हतं आणि काही बिघडलं नाही.

भूलतज्ज्ञ | मंगळवार, सकाळी ६:५०

मुळशीकर, आठवीच्या मुलाला एमडी कसं घेतात हे सांगायचंच नाहीये. ते शरीरात काय करतं एवढं सांगायचं आहे. सगळ्यांना एकत्र बसवू नका, हे मात्र मान्य. सातवी-आठवीपर्यंत तंबाखू, गुटखा, व्हेप (ई-सिगारेट), व्हाइटनर एवढं पुरे. बाकीचं नववीच्या पुढे. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे आणि टपरीवर मिळतो, ही विसंगती मुलं लगेच बोलून दाखवतील, तयारीत राहा.

आता शरीराचं. नाटक न करता सांगितलं तर मुलांना हे आवडतं, कारण ही त्यांच्याच डोक्याची गोष्ट आहे.

आवडीचं काही घडलं की मेंदूत डोपामिन सुटतं आणि 'हे पुन्हा कर' अशी नोंद होते. खाणं, खेळात जिंकणं, मैत्रिणीचा मेसेज, सगळ्याला तेच. ड्रग या वाटेत घुसतं आणि डोपामिनचा लोंढा सोडतं. पेशी बिचाऱ्या स्वतःला वाचवतात. शेजारच्या मंडळाचा डीजे रात्रभर वाजला की आपण खिडक्या लावून घेतो, तसे त्या आपले ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, कमी करतात. पुढच्या वेळी तेवढ्याच मात्रेत मजा येत नाही, मात्रा वाढते. ड्रग थांबल्यावर खिडक्या लगेच उघडत नाहीत, त्यामुळे साधा आनंद आतपर्यंत पोचतच नाही. व्यसनी माणूस 'आता नॉर्मल वाटण्यासाठी घेतो' म्हणतो ते यामुळे. त्यात किशोरवयात मजेची यंत्रणा जोरात असते आणि परिणामांचा विचार करणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो. त्याला संस्कार जबाबदार नाहीत, वाढच तशी असते.

निकोटिन: झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत मेंदूत. उतरतंही लवकर, दोनेक तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, म्हणून पुन्हा तल्लफ. हुक्क्याच्या पाण्याने धूर थंड होतो, स्वच्छ होत नाही. कार्बन मोनॉक्साइड तसाच आत जातो, आणि हुक्क्याची बैठक तासभर चालते.

दारू: यकृत ठरलेल्या गतीनेच ती मोडतं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही ती गती वाढत नाही. पोटातली दारू पिणं थांबल्यावरही रक्तात जात राहते. 'झोपलाय, उतरेल' म्हणून एकट्याला खोलीत सोडणं सगळ्यात धोक्याचं. उताणा असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवायचं, तोंड किंचित खाली, सोबत थांबायचं, १०८ लावायचा. हे एवढं जरी पोरं शिकून गेली तरी तुमची संध्याकाळ वसूल.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन: उत्तेजक. नाडी, रक्तदाब, शरीराचं तापमान वाढतं, जबडा आवळला जातो, झोप उडते. असर दोन-तीन तासांत ओसरतो आणि लगेच आणखी घ्यावंसं वाटतं, त्यामुळे एका रात्रीत किती घेतलं याचा हिशेब राहत नाही. नंतर उदासी, संशय, काहींना भास. पुडीत मेफेड्रोनशिवाय काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

गांजा: इथे खोटं बोलू नका. गांजाने ब्राऊन शुगरसारखा श्वास बंद पडत नाही, हे मुलांना नेटवर दोन मिनिटांत कळतं. पण त्यातल्या टीएचसीचे, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याचे, ग्राहक स्मरणशक्तीच्या भागात खच्चून भरलेले असतात. वाचलेलं डोक्यात न राहणं, लक्ष न लागणं, हे रोज ओढणाऱ्यात दिसतंच. कोवळ्या वयात सुरुवात आणि वारंवार वापर असेल तर पुढे सायकोसिसचा (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचा) धोका वाढतो, घरात मानसिक आजाराचा इतिहास असेल तर आणखीच. 'नॅचरल'चं म्हणाल तर विषारी धोतराही नॅचरलच आहे.

व्हाइटनर, थिनर: यातला टोल्युइनसारखा द्रव हृदयाची लय बिघडवू शकतो. पहिल्याच वेळी जीव गेल्याची उदाहरणं आहेत. स्वस्त म्हणून 'छोटं' व्यसन समजू नका.

आणि एक माझ्या टेबलावरचं. मेफेंटरमिन नावाचं इंजेक्शन आम्ही ऑपरेशनमध्ये वापरतो. पाठीत भूल दिल्यावर रक्तदाब घसरला की थोडं थोडं, मॉनिटरवर नजर ठेवून. हेच इंजेक्शन जिममधली पोरं 'स्टॅमिना'साठी स्वतः टोचून घेतात. पुण्यात पोलिसांनी याचे बेकायदा साठे पकडले आहेत. रक्तदाब चांगला असलेल्या मुलाने ते घ्यायचं आणि वर वजनं उचलायची म्हणजे काय होईल विचार करा. ज्या घरात 'माझा मुलगा सिगारेटला शिवत नाही, रोज जिमला जातो' असं कौतुक चालतं, तिथे हे पोचवा.

ओटीला जायचंय. शंका असतील तर रात्री लिहितो.

वसतिगृह_खोली७ | मंगळवार, दुपारी १:२५

मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला आहे. काका-काकूंनो, एक सांगतो. काळं जॅकेट घालून गेटवर उभा असलेला पेडलर मी अजून पाहिला नाही. पहिल्यांदा देणारा रूममेट असतो, किंवा सीनियर, किंवा ज्याची नोट्स आपण घेतो तो. आणि तो 'ड्रग्ज घे' म्हणत नाही. 'सबमिशन आहे, जागायचंय ना?' म्हणतो. त्यामुळे 'अनोळखी माणसाकडून काही घेऊ नका' हा सल्ला आमच्या काही कामाचा नाही. 'नको, उद्या मॅच आहे' किंवा 'मला झेपत नाही यार' असलं एखादं वाक्य तोंडात बसवून दिलंत तर चालेल. मी दमा असल्याचं सांगतो. दमा नाहीये.

दुसरं, 'सगळेच करतात' हे सगळ्यांना वाटतं. आमच्या मजल्यावर खरं मोजलं तर करणारे मूठभर, पण आवाज त्यांचाच.

आणि कोणाला जास्त झालं तर पोरं ॲम्ब्युलन्स का बोलवत नाहीत, तर रेक्टर, घरचे आणि पोलीस. या क्रमाने.

खडूफळा | मंगळवार, दुपारी ४:१५

खोली७, शाब्बास. तुझ्या 'सगळेच करतात'ला आकडा देते. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते १७ वयात दारू पिणारे १.३ टक्के, गांजा-भांग-चरस ०.९ टक्के. देशभराची सरासरी आहे, पुण्याच्या होस्टेलांत वेगळं असेल. तरी 'सगळेच' नक्कीच नाही. याच अहवालात हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला ज्यात मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत: मुलांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८.

वर्गात मी आधी अंदाज लिहून घेते आणि मग आकडा दाखवते. साठ-सत्तर टक्के लिहिणारी मुलं असतात. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

शिवाजीनगर_कोर्ट | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

पोलिसांची भीती निघाली म्हणून कायद्याचं थोडक्यात. एनडीपीएस कायदा १९८५ चा. सेवन हाही गुन्हा आहे, पण त्याच कायद्याचं कलम ६४अ सांगतं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळते. उपचार मध्येच सोडला तर ती काढून घेता येते. उपचाराला नेलं की मुलगा तुरुंगात जाणार, या भीतीने घरी दडवून ठेवणारे पालक मी पाहतो, म्हणून लिहिलं.

मुलाला दारू, तंबाखू किंवा ड्रग देणाऱ्याला बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे, विक्रीवरच नव्हे, साठवणुकीवरही. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही. आपल्या राज्यात दारूसाठी वय २५, बिअर-वाइनला २१. भाषणात एवढं दोन मिनिटांत उरका, कलमं ऐकून कोणी सुधारत नाही.

निमा_प | मंगळवार, रात्री १०:५०

धागा वाचून धीर आला म्हणून लिहिते आहे. मुलगा अकरावीत. आज त्याच्या सॅकमध्ये हायलायटरसारखं काहीतरी सापडलं, आंब्याचा वास. आधी मला खरंच हायलायटर वाटला. तो क्लासवरून आलाय, जेवून झोपलाय, मी काहीच बोललेले नाही. ह्यांना सांगितलं तर घर डोक्यावर घेतील. सकाळी काय करू? युरिन टेस्टचं किट ऑनलाइन मिळतं म्हणे.

भूलतज्ज्ञ | मंगळवार, रात्री ११:२०

निमाताई, तो व्हेप असणार. रात्री काही बोलला नाहीत हे उत्तम केलंत. किट नको. नेहमीच्या किटमध्ये निकोटिन बहुधा तपासलंच जात नाही. गांजाचा अंश रोज ओढणाऱ्यात काही आठवडे दिसत राहतो, म्हणजे त्याने सोडलं असलं तरी पॉझिटिव्ह. काही साध्या औषधांनीही खोटा पॉझिटिव्ह येतो. आणि बाटली हातात देऊन मुलाला बाथरूममध्ये पाठवलंत की पुढचे सहा महिने तो तुमच्याशी बोलणार नाही.

'हे सॅकमध्ये दिसलं, मला काळजी वाटली, कधीपासून?' एवढंच विचारा आणि मग गप्प बसा. गप्प बसणं अवघड जाईल. 'मित्राचं आहे' असं तो म्हणेल. म्हणू द्या. सकाळी उठल्या उठल्या ओढावंसं वाटतं का, नाही मिळालं की चिडचिड होते का, हे त्याच्या सवडीने विचारा. त्यावरून सवय किती रुजली ते कळतं. 'फक्त फ्लेवर' लिहिलेल्या बंदी असलेल्या वस्तूत आत काय आहे याची खात्री कोण देणार, हाही प्रश्न त्याला विचारण्यासारखा आहे.

पूर्वीचामी | बुधवार, पहाटे ५:३०

निमाताई, वडिलांना सांगा, पण तुमच्या दोघांचं बोलणं आधी होऊ द्या. मुलासमोर एक कडक आणि एक मऊ असं झालं की पोरगं मधली फट बरोबर ओळखतं. मी ओळखली होती.

मी गर्दवाला, म्हणजे ब्राऊन शुगरवाला. पन्नी, माचिस, सगळं केलेलं. पुण्यात १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुक्तांगण सुरू झालं, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी उभं केलं, पु. ल. देशपांड्यांनी पैसे दिले. मी तिथे बऱ्याच उशिरा पोचलो. टर्कीत, म्हणजे गर्द बंद केल्यावरच्या त्रासात, अंग मोडून येतं, नाक-डोळे गळतात, जुलाब, पाय जागेवर राहत नाहीत. त्याने सहसा मरत नाही, मरावंसं वाटतं. मरण नंतर येतं: काही दिवस बंद ठेवून पुन्हा जुन्याच मात्रेने घेतलं की श्वास थांबतो, कारण शरीराची सवय गेलेली असते. माझ्याबरोबरचे दोघे असे गेले.

बावधनकर, तुमच्या धाग्यावर कोणीतरी मला बोलवा म्हणणार, म्हणून आधीच सांगतो. मुलांसमोर मी येत नाही. एकदा शाळेत गेलो होतो. बोलून झाल्यावर पोरं भोवती जमली आणि पहिला प्रश्न 'काका, कसं वाटतं?' त्यांना मी सिनेमातला हिरो वाटलो: केलं, सुटलो, स्टेजवर आलो. न सुटलेले स्टेजवर येत नाहीत ना. पालकांची वेगळी बैठक ठेवा, तिथे तासभर बसेन. लपवाछपवी कशी चालते, पैसे कसे जातात, घरच्यांनी कर्ज फेडत राहिलं की काय होतं, हे त्यांना कळायला हवं.

मुळशीकर | बुधवार, सकाळी ९:००

परवा विरोधात लिहिलं होतं. पूर्णपणे पटलेलं नाही, पण पालकांच्या बैठकीला माझी हरकत नाही. उलट तीच आधी घ्या. सोसायटीच्या थर्टी फर्स्टला गच्चीवर काय चालतं ते पोरं खालून बघत असतात, त्यावर तिथे बोलणार का?

जोशीवहिनी | बुधवार, सकाळी ९:२५

+१. पार्किंगमध्ये सिगारेट ओढत 'व्यसनमुक्ती'ची वर्गणी मागणारे आमच्याकडेही आहेत.

निमा_प | बुधवार, रात्री ९:१५

बोलले. 'मित्राचं आहे' इथूनच सुरुवात झाली 😀 मी गप्प राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाला, दिवाळीनंतर सुरू झालं, क्लासच्या खाली तिघं-चौघं ओढतात, आणि फिजिक्स झेपत नाहीये. व्हेपपेक्षा फिजिक्सवरच जास्त बोलला. समुपदेशकाकडे जायला 'बघू' म्हणालाय. ह्यांनाही सांगितलं, घर अजून जागेवर आहे. कुठे फोन करायचा ते कोणी लिहील का?

भूलतज्ज्ञ | बुधवार, रात्री ९:४०

व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, मराठीतून बोलता येतं. मूल अडचणीत असेल तर १०९८. आणि फिजिक्सची शिकवणी बदलता आली तर तीही औषधासारखीच समजा.

बावधनकर | गुरुवार, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. कमिटीशी भांडून झालं. साहेब येणार आहेत, पण पालकांच्या बैठकीला, आणि कायदा-तक्रार एवढंच बोलणार. पूर्वीचामी त्याच बैठकीला (व्यक्तिगत निरोप केला आहे). मुलांचे दोन गट, खडूफळा बाईंनी मोठ्या गटाला यायचं कबूल केलंय. कुशीवर वळवण्याचं प्रात्यक्षिक सतरंजीवर, एकमेकांवर करायचं. खोली७, 'नाही' म्हणायची वाक्यं बसवायला तू ये, वडापाव आमच्याकडून. चित्रकला स्पर्धा काही रद्द झाली नाही, बक्षिसं आधीच आणलीत म्हणे.

एकच अडलंय. चिठ्ठ्यांचा डबा लिफ्टजवळ ठेवायचं ठरलं होतं, पण तिथे सीसीटीव्ही आहे. कोण टाकणार चिठ्ठी?

खडूफळा | गुरुवार, रात्री ९:०५

जिन्याखाली ठेवा, सायकली लावतात तिथे. आणि डब्याची किल्ली कमिटीतल्या कोणाकडेही देऊ नका. अक्षर ओळखणारे पालक असतात.

तिरकस | गुरुवार, रात्री ९:१२

लिफ्टजवळच ठेवा हो. सोसायटीचा सीसीटीव्ही चालू असतो असं तुम्हाला कोणी सांगितलं?